शेवटचं बोलणं कोण कोणाशी बोललंय, हे मोजायचं कसं

वर्गात ‘समजलं का?’ असं विचारलं की पन्नास पोरं एका सुरात ‘हो बाई’ म्हणतात. तीस वर्षं भूमिती शिकवून मला हे पाठ होतं. तरी आमच्या डोंबिवलीच्या ज्येष्ठ नागरिक संघाने अखेरच्या उपचारांवर व्याख्यान ठेवायचं ठरवलं आणि ‘आधी लोकांचा कल बघा’ म्हणून काम माझ्या गळ्यात घातलं, तेव्हा मी नेमकी तीच चूक केली. चिठ्ठ्या छापल्या: ‘आयुष्याच्या अखेरच्या काळातील उपचारांबाबत आपल्या इच्छा कुटुंबीयांशी बोलायला आपण तयार आहात का? होय / नाही.’ जवळपास सगळ्यांनी ‘होय’वर खूण केली.

त्या होयवाल्यांत एक काका होते, संध्याकाळी बागेतल्या कट्ट्यावर माझ्या शेजारी बसणारे. त्यांच्या बायकोने मला आदल्याच आठवड्यात सांगितलं होतं की घरात हा विषय निघाला की ते ताटावरून उठतात. काकांना खोटारडं कसं म्हणू? बाईंनी विचारलं, शहाण्या माणसाने द्यावं ते उत्तर त्यांनी दिलं.

मुलांना समजलंय का हे कळायला फळ्यावर गणित द्यावं लागतं. इथेही तसंच आहे. ‘तयार आहात का’ हा प्रश्न कागदावरून काढून टाका. माणसाने आजवर काय केलंय ते विचारा, आणि कोणासमोर केलं तेही. पुढचं सगळं या एका गोष्टीतून निघतं. तुमचा संघ असो, महिला मंडळ असो, सोसायटी असो, नाहीतर समाजकार्याच्या अभ्यासक्रमाचा प्रकल्प असो.

आधी शब्द तपासा. माझ्या दुसऱ्या कागदावर ‘इच्छापत्र केलं आहे का?’ असं होतं, म्हणजे उपचारांबद्दलच्या इच्छा लिहून ठेवल्यात का. एक आजी ठसक्यात म्हणाल्या, ‘केलंय की! फ्लॅट दोघांत निम्मा निम्मा, पाटल्या लेकीला.’ इच्छापत्र म्हटलं की आपल्याकडे मृत्युपत्र, आणि मृत्युपत्र म्हटलं की सातबारा नाहीतर सोसायटीचं नॉमिनेशन. ‘इच्छामरण’ त्याहून घोटाळ्याचं. कोणाला शरपंजरी पडलेले भीष्म दिसतात, कोणाला इंजेक्शन. माझ्या वयाच्या बायकांना अरुणा शानबाग आठवतात. केईएममधल्या परिचारिका, १९७३ च्या नोव्हेंबरात हल्ला झाला आणि २०१५ च्या मे महिन्यात गेल्या, तोवर त्याच रुग्णालयात अंथरुणावर होत्या. आमच्यातले एक सर्वोदयी गृहस्थ लगेच विनोबांवर जातात, १९८२ साली पवनारला अन्न-औषध सोडून देह ठेवला ते. सांगलीकडच्या एक जैन बाई आहेत, त्या सल्लेखनेबद्दल, म्हणजे अन्नपाणी हळूहळू सोडून मरण स्वीकारायच्या व्रताबद्दल बोलतात. यातली प्रत्येक गोष्ट वेगळी. कागदावर एक शब्द, ऐकणाऱ्यांच्या डोक्यात पाच प्रश्न, मग उत्तरांची बेरीज कसली करता?

लोक वापरतात ते शब्द घ्या. नळ्या. मशीन. आयसीयू. ‘डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, सेवा करा.’ हे शेवटचं वाक्य तर ज्याने एकदा ऐकलंय त्याला समजावून सांगावं लागत नाही. प्रश्न तयार झाला की दहा जणांना वाचून दाखवा आणि उत्तर न विचारता म्हणा, ‘मी आत्ता काय विचारलं, तुमच्या शब्दांत सांगा.’ दोघांनी जरी भलतंच सांगितलं तरी प्रश्न बदला. माझा एक प्रश्न सहा वेळा बदलला. भाची समाजकार्यात पदवीधर आहे, ती हसत होती, पण सहाव्या वेळी तो एका धुणंभांडी करणाऱ्या मावशींना आणि एका निवृत्त मुख्याध्यापकांना सारखाच कळला.

याच भाचीने मला अमेरिकेतली एक प्रश्नावली दाखवली. रेबेका सुडोर नावाच्या डॉक्टरबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २०१३ मध्ये मांडली. मूळचे ८२ प्रश्न. पुढे त्यांनीच ते ५५, ३४, १५, ९ असे करत चारवर आणले. त्यातली तयारी मोजायची पट्टी पाच पायऱ्यांची आहे: कधी विचारच केला नाही, विचार केलाय पण तयार नाही, पुढच्या सहा महिन्यांत बोलायचा विचार आहे, पुढच्या तीस दिवसांत नक्की बोलणार, बोलून झालं. कल्पना उत्तम. पण मी ती जशीच्या तशी मराठीत विचारली तेव्हा ८३ वर्षांचे एक आजोबा म्हणाले, ‘सहा महिने? बाई, मी हिरवी केळीसुद्धा विकत घेत नाही आता!’ मग मी ‘सहा महिन्यांत’ खोडून ‘दिवाळीपर्यंत’ केलं आणि ‘तीस दिवसांत’च्या जागी ‘ही एकादशी ते पुढची एकादशी’. अंतर काटेकोर राहिलं नाही, पण उत्तरं खरी यायला लागली. तुम्ही पावसाळ्यात विचारत असाल तर दिवाळी चालेल. फेब्रुवारीत विचारत असाल तर पाडवा घ्या.

आता माझ्याकडे उरलेत ते प्रश्न, ज्या क्रमाने विचारते त्या क्रमाने:

१. तुमच्या नात्यात किंवा ओळखीत कोणी शेवटी बरेच दिवस दवाखान्यात होतं का? तेव्हा घरात काय बोलणं झालं?

२. तुमच्यावर तशी वेळ आली आणि तुम्हाला बोलता येईना, तर डॉक्टरांना उत्तर कोण देईल? आणि त्या रात्री दवाखान्याच्या दारात प्रत्यक्ष कोण उभं असेल?

३. त्या माणसाशी याबद्दल बोललात का? शेवटचं कधी? कुठे बसून?

४. त्यांनी काय उत्तर दिलं?

५. कुठे लिहून ठेवलंय का? कागद कुठे आहे?

पहिल्या प्रश्नाला गुण नाहीत. तो दार उघडण्यासाठी आहे. दुसऱ्या माणसाबद्दल बोलणं सोपं जातं, आणि जाता जाता माणूस स्वतःचं मत सांगून मोकळा होतो: ‘आमच्या वन्संना तीन आठवडे मशीनवर ठेवलं, मला नको बाई तसं.’ हे वाक्य तसंच टिपून घ्या, गुण मात्र देऊ नका. ते तुमच्याशी बोललं गेलंय.

दुसऱ्या प्रश्नात दोन माणसं का? आमच्या संघातल्या निम्म्या घरांतली मुलं बाहेर आहेत. निर्णय न्यू जर्सीतला मुलगा घेणार, आणि रात्री अडीच वाजता सही करायला उभा असणार शेजारच्या ब्लॉकमधला जोशांचा नाहीतर कांबळ्यांचा पोरगा. त्या पोराला कोणी काही सांगितलेलंच नसतं. या प्रश्नावर बरीच माणसं पहिल्यांदाच थबकतात. थांबू द्या. घड्याळ बघू नका.

तिसऱ्यातलं ‘कुठे बसून’ हे माझं आवडतं. खरं झालेल्या बोलण्याला जागा असते. ‘गॅसपाशी उभी होते, ती पोळ्या लाटत होती.’ ‘बँकेतून येताना रिक्षात.’ ‘ठाण्याच्या फलाट क्रमांक पाचवर, गाडी लेट होती.’ आणि न झालेलं बोलणं असं असतं: ‘तसं त्यांना सगळं माहितीच आहे.’ जागा सांगता आली नाही तर मी आकडा पेन्सिलीने लिहिते. पेन नंतर.

पायऱ्या मी शून्य ते पाच धरते. शून्य म्हणजे विषयच नको. एक, दुसऱ्याबद्दल बोलतो, स्वतःबद्दल नाही. दोन, स्वतःबद्दल विचार झालाय पण कोणाला सांगितलेलं नाही. तीन, सांगितलंय, पण समोरच्याने उडवून लावलं किंवा हसण्यावारी नेलं. चार, सांगितलंय आणि समोरच्याने ऐकून घेतलंय. पाच, लिहिलंय आणि कागद ज्याच्या हाती लागायला हवा त्याला ठाऊक आहे. लक्षात घ्या, ‘सगळे उपचार करा, शेवटच्या श्वासापर्यंत लढा’ असं सांगून ठेवणारालाही चारच गुण. तुम्ही नळ्या नाकारणाऱ्यांची यादी करायला बसलेला नाहीत. असा पक्षपात माझ्या पहिल्या वहीत होता आणि भाचीने तो बोट ठेवून दाखवला.

तीन आणि चार यांच्यातला फरक मला माझ्या घरानेच शिकवला. माझे मोठे दीर फार विनोदी. प्रत्येक लग्नकार्यात, पंगतीत, ‘आमच्या गोवऱ्या केव्हाच मसणात गेल्या, आता मठ्ठा वाढा’ हे ठरलेलं. आणि त्यालाच जोडून, ‘मला नळ्या घालाल तर भूत होऊन मानगुटीवर बसेन.’ सगळे हसायचे. मग अकरा दिवस ते मशीनवर होते. डॉक्टरांनी कॉरिडॉरमध्ये विचारलं, ‘पेशंटचं स्वतःचं काय म्हणणं होतं?’ पुतण्या म्हणाला, बाबा कधी काही बोलले नाहीत. मी तिथेच उभी होते. पंधरा वर्षं ऐकत आलेलं वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं आणि तसंच परत गेलं. विनोदाची साक्ष काढायची कशी?

म्हणून थट्टेला काय गुण द्यायचे, हे कामाला बसण्याआधी ठरवा. ‘पिकलं पान’, ‘वरचं तिकीट काढलंय’, ‘देवाने चालता-बोलता न्यावं’, ही वाक्यं आपल्याकडे खोकल्यासारखी येतात. मी त्यांना एक गुण देते, त्याहून जास्त नाही. मात्र त्यानंतर एक जोडप्रश्न विचारते: ‘हे तुम्ही गंभीरपणे कोणाला सांगितलंय का?’ काही जण हसू आवरून खरंच सांगायला लागतात. थट्टा ही कित्येकदा टकटक असते, आतून कोणी कडी काढतंय का बघायला.

‘नाही बोलायचं’ म्हणणाऱ्यांना एकाच टोपलीत टाकू नका. काहींना वास्तू ‘तथास्तु’ म्हणते याची भीती असते. ‘शुभ बोला हो’ म्हणून विषय मिटवतात. काहींचं ठरलेलं असतं: ‘मुलगा बघेल ते खरं.’ हीसुद्धा एक इच्छाच आहे, आणि मुलाला ती ठाऊक असेल तर मी चार देते. आणि तिसरे, ज्यांना बोलायचंय पण घरात ऐकणारं कोणी नाही. आई विषय काढते आणि मुलगा म्हणतो, ‘काहीतरीच काय बोलतेस, शंभर वर्षं जगशील.’ प्रेमानेच म्हणतो बिचारा. पण मग तयारी कोणाची कमी, आईची का मुलाची?

याच प्रश्नामुळे वहीत दोन रकाने झाले, बोलणारा आणि ऐकणारा. ज्याने तीन किंवा त्याहून वरची पायरी सांगितली, त्याची परवानगी घेऊन त्याने नाव घेतलेल्या माणसाला मी एकच प्रश्न विचारते: ‘तुमच्या आईंनी शेवटच्या उपचारांबद्दल तुम्हाला काही सांगितलंय का? काय?’ आईने मला काय सांगितलं ते ओठांवर येऊ द्यायचं नाही. दोन्ही उत्तरं जुळली तर पेन्सिलीवर पेन फिरवायचं. नाही जुळली तर आकडा एकाने खाली.

ही चाचणी मी आधी स्वतःवर करून पाहिली. माझ्या मते मी गेल्या संक्रांतीला, लाडू वळताना, मुलीला सगळं नीट सांगितलं होतं. मशीन नको, घरी आणा, दुखू देऊ नका. भाचीकरवी तिला विचारायला लावलं. ती म्हणाली, ‘संक्रांतीला? आई गूळ चिकट निघाला म्हणून चिडली होती, एवढं आठवतंय.’ माझ्या नावापुढे चार होते, तीन झाले.

आता बसायचं कसं. १९९१, २००१ आणि २०११ अशा तीन जनगणनांना मी प्रगणक होते, तेव्हा दारात उभं राहून एक गोष्ट शिकले: बाईला विचारलं की उत्तर बुवा देतो. ‘तिचं काय, माझं तेच तिचं.’ म्हणून नवरा-बायकोला वेगवेगळं गाठा. बायकांशी सकाळी साडेअकराच्या सुमारास मटार सोलताना किंवा मेथी निवडताना बोला. हात कामात असले की डोळ्यांत बघावं लागत नाही. तुम्हीही चार शेंगा घ्या. पुरुष कट्ट्यावर चारचौघांत फुशारकी मारतात, घरी कोचावर गप्प होतात. त्यांना फिरायला जाताना बरोबर चालत विचारावं. आणि स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज एकदम थांबला, तर समजा सूनबाई ऐकतायत. तेव्हाचं उत्तर वहीत घ्या, पण समासात ‘सून घरात’ असं टिपा. तारीखही प्रत्येक उत्तरापुढे हवीच. पितृपक्षात माणसं गेलेल्यांबद्दल आपणहून बोलतात, इमारतीत कोणी गेलं की पुढचे पंधरा दिवस सगळेच बोलके होतात. ते आकडे दिवाळीतल्या आकड्यांशी लावू नका.

हिशोबाबद्दल थोडक्यात सांगते, कारण गणिताची बाई सुरू झाली की थांबत नाही. सरासरी काढू नका. ‘संघाची सरासरी २.३’ याचा अर्थ काय, दोन पायऱ्या चढून तिसरीवर एक बोट टेकवलं? कोणत्या पायरीवर किती जण, एवढंच मांडा. आणि दार लावून घेणारेही मोजा. समजा ४० जणांकडे गेलात, १२ जणांनी ‘तसलं काही विचारू नका’ म्हटलं, उरलेल्या २८ पैकी २१ जण चार किंवा त्याहून वर निघाले. २८ वर हिशोब केला तर ७५ टक्के, व्यासपीठावर टाळ्या. ४० वर केला तर साडेबावन्न. तुम्हाला जे मोजायचंय तेच ते १२ जण आहेत, त्यांना वगळून कसं चालेल? दोघांनी वेगवेगळे गुण देऊन ताळाही करून बघा. मी आणि भाची दहा वह्यांवर सुरुवातीला चार ठिकाणी भांडलो, आणि ती चारही ठिकाणं थट्टेची होती.

कधी थांबायचं हेही आधी ठरलेलं असू द्या. डोळे भरले की वही मिटायची, पाणी द्यायचं, दुसऱ्या कशावर बोलायचं. परत विषय काढायचा तो त्यांनी काढला तरच. घरात सुतक असेल तर जाऊच नका. आणि कोणी ‘मला आता जगायचंच नाही’ असं म्हणालं, तर ते उत्तर म्हणून लिहायचं नसतं. तिथे मोजणी संपली. त्यांच्याजवळ बसा, एकटं सोडू नका, घरच्या विश्वासाच्या माणसाला आणि डॉक्टरांना कळवा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावून द्या. नावं वहीत नकोत, आकडे पुरेत. नावांची यादी वेगळ्या कपाटात. आणि संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यातलं अक्षरही टाकू नका, ‘कोणाचं नाव न घेता’ म्हणूनसुद्धा नाही. वर्णनावरून तिसऱ्या मिनिटाला ओळखतात.

सहा महिन्यांनी पुन्हा त्याच माणसांकडे, तेच प्रश्न घेऊन जायचं. एकूण आकडा किती वाढला यापेक्षा कोण कुठून कुठे गेलं ते बघा. शून्याचा एक झाला तर तो घरातल्या भांडणाचाही परिणाम असू शकतो, म्हणून ‘मध्ये काय झालं?’ हे विचारा.

पाचव्या पायरीवरच्यांना मात्र तोंडी उत्तरावर सोडू नका. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात अशा आगाऊ लिहून ठेवलेल्या वैद्यकीय सूचनांना मान्यता दिली, पण तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यापुढे जावं लागे. २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयाने ते सोपं केलं: सज्ञान, शुद्धीवरच्या माणसाने स्वखुशीने लिहायचं, दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे सही. आपल्या वतीने बोलणारी माणसं एकाहून जास्त नेमता येतात. एक प्रत घरच्यांना, एक फॅमिली डॉक्टर असेल तर त्यांना, एक पालिकेच्या किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. मत बदललं तर लेखी रद्द करता येतं. पुढे वेळ आली की दवाखान्यातलं डॉक्टरांचं मंडळ आणि त्यावरचं दुसरं मंडळ तपासून ठरवतं. कागद दाखवला आणि नळी काढली असं होत नाही.

तेव्हा ‘कागद दाखवा’ म्हणा. आमच्या एका निवृत्त बँक मॅनेजरांनी सगळं यथासांग केलं होतं, नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदार, लॅमिनेशनसुद्धा. कुठे आहे विचारलं तर म्हणाले, ‘बँकेच्या लॉकरमध्ये, एकदम सेफ.’ लॉकर कोणाच्या नावावर? ‘माझ्या एकट्याच्या.’ मी वहीत चार लिहिले, पेन्सिलीने. पुढच्या आठवड्यात त्यांनी फोन केला, कागद आता फ्रिजच्या दारावर लावलाय, दुधाच्या हिशोबाशेजारी, आणि समोरच्या ब्लॉकमधल्या मुलाला बोलावून दाखवलाय. मी त्या मुलाला विचारायला जाणार आहे.